हटवा म्हणणारी मी, आता अटी मागते

पणजीत राहून कॅसिनोबद्दल मत नसणे शक्य नाही. कला अकादमीतला नाटकाचा प्रयोग सुटला आणि कांपालच्या रस्त्यावर आले की मांडवीत नांगरून ठेवलेली जहाजे समोर उभीच असतात, जांभळ्या-निळ्या दिव्यांनी पेटलेली. दयानंद बांदोडकर मार्गावर त्यांची बुकिंगची ऑफिसे, जेटीवर बोटीसाठी रांगा, रस्त्याच्या कडेने पुणे, कोल्हापूर, बेळगाव, हुबळीच्या गाड्या. मी या सगळ्याला विरोध करत आले. मोर्चात चालले, निवेदनांवर सह्या गोळा केल्या, वर्तमानपत्रांना पत्रे लिहिली. मागणी दोन शब्दांची होती: कॅसिनो हटवा.

आता मी ती मागणी त्या दोन शब्दांत करणार नाही. मकाऊला जाऊन आल्यावर माझे मत बदलले आहे आणि ज्यांच्याबरोबर घोषणा दिल्या त्यांना ते मीच सांगायला हवे. दुसऱ्या कुणाकडून कळले तर 'मकाऊचा झगमगाट बघून ही भुलली' एवढेच त्यांच्या कानावर जाईल.

आधी जुन्या मताची कारणे सांगते, कारण त्यांतली निम्मी आजही माझ्याजवळ शाबूत आहेत. मटक्याने बसलेली घरे मी पाहिली आहेत. गोव्याचा 1976 चा कायदा जुगाराला आळा घालण्यासाठी होता. 1992 च्या दुरुस्तीने पंचतारांकित हॉटेलांत यंत्रांवरचा जुगार चालू झाला, 1996 च्या दुरुस्तीने जहाजावर पत्त्यांच्या टेबलांनाही परवानगी मिळाली आणि 2001 पासून जहाजे नदीत येऊ लागली. पुढे प्रत्येक सरकारने ती मांडवीबाहेर नेऊ असे सांगितले आणि प्रत्येकाने मुदत वाढवून दिली. महाराष्ट्राने 1976 मध्येच कॅसिनोंसाठी कायदा केला होता, पण तो कधी अमलात आणला नाही आणि 2023 मध्ये रद्दच केला. त्यामुळे घाटावरच्या हौशी माणसाची वाट पणजीकडेच वळते. त्या माणसाबद्दलही माझे एक मत होते. जो सुट्टी घालवायला कॅसिनोत येतो त्याला ना गोवा बघायचा असतो ना कसली कला, तो करमणुकीच्या नावाखाली स्वतःला हरवायला येतो, असे मी मानत होते.

हे मत हलले ते एका प्रवासात. माझी भाची हाँगकाँगला नोकरी करते. ताई आणि मी तिच्याकडे गेलो तेव्हा तिने आमच्यासाठी मकाऊच्या कोताई भागातल्या एका रिसॉर्टमध्ये खोली घेऊन ठेवली होती. मी नको म्हटले. ती म्हणाली, "मावशी, तू यावर एवढं बोलतेस, तर एकदा बघ तरी. शिवाय तिथं तुला गोवाही भेटेल."

आणि खरोखरच भेटला. समुद्रावरच्या 55 किलोमीटरच्या पुलावरून बसने मकाऊत उतरलो आणि थेट जुन्या शहरात गेलो. 1844 पर्यंत मकाऊचा कारभार गोव्याच्या हाताखाली होता. पोर्तुगिजांची जहाजे गोव्याहून मलाक्कामार्गे इथे यायची आणि इथून जपानला जायची. सेंट पॉल चर्चची आज फक्त दर्शनी भिंत उरली आहे. चर्चचे काम 1602 मध्ये सुरू झाले आणि 1835 च्या आगीत बाकी सगळे जळाले. त्या ग्रॅनाइटच्या भिंतीवर पोर्तुगीज गलबत आहे, चिनी सिंह आहेत, सात तोंडांचा राक्षस आहे, चिनी अक्षरांतला मजकूर आहे. जपानहून परागंदा झालेल्या ख्रिस्ती कारागिरांचे हात तिला लागलेले आहेत. ताई म्हणाली, "जुन्या गोव्यातला सेंट ऑगस्टिनचा मनोरा आठवतो बघ." दोन्हीकडे पडझडीतून एक भाग तेवढा वाचला आहे.

'बारा' नावाच्या टेकडीच्या उतारावर तर मी बराच वेळ रेंगाळले. तिथे 1874 मध्ये बांधलेली मूरिश बराक आहे, पिवळ्या-पांढऱ्या रंगाची, कमानींच्या लांब ओवऱ्यांची. ती बांधली गोव्याहून मकाऊच्या पोलिसांच्या मदतीला पाठवलेल्या भारतीय तुकडीसाठी. त्या शिपायांची नावे आज कुणाला माहीत नाहीत, पण त्यांचे घर मात्र रंगवलेले, झाडलेले, वापरात असलेले सापडले. सागरी खात्याचे कार्यालय आहे तिथे. जवळच मंदारिनचा वाडा आहे, एका चिनी विचारवंताच्या कुटुंबाचा. त्याच्या खिडक्यांना शिंपल्यांची तावदाने आहेत. पातळ चौकोनी शिंपले लाकडाच्या पट्ट्यांत ओळीने बसवलेले, त्यांतून ऊन आत येताना दुधाळ होते. माझ्या आजोळच्या घराला अशाच खिडक्या होत्या. त्या काढून ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या बसवल्या तेव्हा घरात कुणी हळहळलेही नाही.

मला अपेक्षा होती की कॅसिनोने हे सगळे गिळून टाकलेले असेल. पोर्तुगिजांच्या काळात एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून इथे जुगार कायदेशीर आहे. 1962 पासून एकाच कंपनीची मक्तेदारी होती, ती 2002 मध्ये संपली आणि मग अमेरिकी कंपन्या आल्या. जेमतेम 33 चौरस किलोमीटरच्या या प्रदेशात जुगाराची उलाढाल लास व्हेगासच्याही कितीतरी पुढे गेली. एवढा पैसा जिथे खेळतो तिथे जुनी भिंत कोण ठेवील? पण 2005 मध्ये हा सगळा जुना भाग युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला आणि आज तो नुसता यादीत राहिलेला नाही, नांदता आहे. देवळात उदबत्त्या जळतात, चौकात म्हातारे गप्पा मारत बसतात, वर दोरीवर कपडे वाळत असतात.

हे कसे जमले, त्याचे एक उत्तर फेलिसिदाद नावाच्या गल्लीत मिळाले. दोन्ही बाजूंना दुमजली घरे, लाल दारे, लाल खिडक्या. एकेकाळी ही वेश्यावस्ती होती. आज तिथे बदामाची बिस्किटे, शेवयांचे सूप, छोट्या खानावळी. 2023 च्या सप्टेंबरपासून गल्लीत गाड्यांना बंदी करून ती पायी फिरणाऱ्यांसाठी मोकळी केली आहे. या गल्लीला पुन्हा जिवंत करण्याची जबाबदारी एका कॅसिनो कंपनीवर आहे. 2022 मध्ये मकाऊने जुगाराचा कायदा बदलला, 1 जानेवारी 2023 पासून सहा कंपन्यांना दहा वर्षांचे परवाने दिले आणि त्या करारांत जुगाराबाहेरच्या गोष्टींवर मोठी गुंतवणूक करण्याची हमी लिहून घेतली. त्याच्याच जोडीला जुन्या वस्त्या कंपन्यांमध्ये वाटून दिल्या: कुणाकडे ही गल्ली, कुणाकडे बंद पडलेला फटाक्यांचा कारखाना, कुणाकडे कोलोआन भागातले जहाजबांधणीचे जुने धक्के.

भाचीने हे सहज, रस्ता दाखवता दाखवता सांगितले. मी मात्र तिथेच थबकले. पणजीतली फोंताईन्हासची जुनी घरे डोळ्यांपुढे आली. त्यांच्यापासून चालत दहा-पंधरा मिनिटांवर नदीत रोज रात्री किती पैसा फिरतो आणि त्यातला या घरांच्या कौलांपर्यंत किती पोचतो, हा प्रश्न इतक्या वर्षांत आम्ही एकदाही विचारला नव्हता. आमची मागणी हटवण्याची असल्यामुळे हिशेब मागायचे आम्हाला सुचलेच नाही.

दुपारी गिया टेकडी चढलो. वर 1865 चा दीपस्तंभ आहे, चीनच्या किनाऱ्यावरचा पाश्चात्त्य धर्तीचा पहिला. 2006 च्या सुमारास त्याच्या आजूबाजूला उंच इमारतींना वाट मोकळी झाली आणि दीपस्तंभ समुद्रातून दिसेनासा होण्याची वेळ आली. गावातली माणसे उठली. त्यांनी युनेस्कोपर्यंत पत्रव्यवहार केला आणि 2008 मध्ये सरकारला त्या परिसरातल्या इमारतींच्या उंचीवर मर्यादा घालणारा आदेश काढावा लागला. जी एक इमारत त्याआधीच वर गेली होती तिचा अर्धवट सांगाडा पुढे अनेक वर्षे तसाच उभा होता. या लोकांनी शहर बदलू नका असे म्हटले नाही. अमुक उंचीच्या वर जायचे नाही, एवढेच म्हटले आणि त्या एवढ्याचा आदेश निघेपर्यंत हटले नाहीत. आमच्या मोर्चांकडे मोठा शब्द होता. त्यांच्याकडे मोजता येईल अशी मागणी होती. माझ्या मतबदलाचे सर्वांत मोठे कारण ही टेकडी आहे.

कोताई हा समुद्र भरून तयार केलेला सपाट पट्टा. तिथे अर्ध्या आकाराचा आयफेल मनोरा आहे, छताला आकाश रंगवलेल्या इमारतीत व्हेनिसचा कालवा आहे, कारंज्यांचे तळे आहे. यांचे वर्णन मी लांबवत नाही. मला सांगायचे आहे ते तिथल्या माणसांबद्दल. कालव्याच्या पुलावर चीनच्या आतल्या भागातून आलेले एक कुटुंब होते: आजी चाकाच्या खुर्चीत, सून तिच्या मांडीवरची शाल सारखी करते आहे, नातू नाव वल्हवणाऱ्याच्या गाण्यावर टाळ्या वाजवतो आहे. कारंजी रस्त्यावरून फुकट दिसतात, म्हणून कठड्याला टेकून कामगार आणि नोकरी करणाऱ्या फिलिपिनो मुलीही उभ्या होत्या. यांतल्या कुणालाही स्वतःला हरवायचे नव्हते. त्यांना सुट्टीचा एक दिवस एकत्र घालवायचा होता, आमच्यासारखाच. सुट्टीला कॅसिनोच्या गावी येणाऱ्या सगळ्यांना मी एका रांगेत बसवत होते. तिथे उभी राहून ते मला पुढे चालवता आले नाही.

कॅसिनोच्या आतही गेले. एकवीस वर्षांवरच्या कुणालाही आत जाऊन नुसते बघता येते. आमच्याकडे बोटीच्या तिकिटातच जेवण, दारू आणि खेळायच्या चिप्स येतात. इथे दारूचा जोर दिसला नाही, ट्रॉलीवर पाणी आणि दुधाचा चहा फिरत होता. जिकडे बघावे तिकडे बाकारा हा पत्त्यांचा जुगार. एका टेबलाशी साठीचा, साध्या शर्टातला माणूस बसला होता. त्या डावात सर्वांत मोठी पैज त्याची, म्हणून पत्ते उघडायचा मान त्याचा. डीलर मुलीने दोन पत्ते पालथे सरकवले. त्याने ते दोन्ही तळव्यांखाली झाकले, अंगठ्याने लांबट कड किंचित उचलली आणि कडेला किती ठिपके दिसतात ते बघत पत्ता केसाकेसाने वाकवत नेला. मध्येच पत्त्यावर फुंकर मारली, नको असलेला ठिपका उडून जावा म्हणून. मागे उभे असलेले लोक त्याच्याबरोबर श्वास रोखून होते. मग त्याने पत्ता टेबलावर आपटला. वाकलेले पत्ते पुन्हा वापरत नाहीत, मुलीने ते गोळा करून टाकून दिले आणि पुढचा डाव मांडला. वरच्या पडद्यावर आधीच्या डावांचे लाल-निळे गोल उमटत होते आणि लोक ते कागदावर उतरवून घेत होते. त्या गोलांवरून पुढचा डाव कळत नाही. 'बँकर'च्या बाजूवर लावलेल्या शंभरामागे सरासरी एक रुपया घराचा, म्हणजे कॅसिनोचा होतो, 'टाय'वर, म्हणजे बरोबरीवर लावले तर चौदाहून अधिक. मिनिटभरात एक डाव, रात्रभर डाव. घर हरत नाही ते या गणितामुळे.

ती डीलर मुलगी मकाऊचीच असणार. डीलरची नोकरी स्थानिक रहिवाशांनाच मिळेल हे तिथल्या सरकारचे जुने धोरण आहे. सरकारी नोकरांना कॅसिनोत खेळायला बंदी आहे, चिनी नववर्षाचे पहिले तीन दिवस सोडून, आणि आता कॅसिनोत काम करणाऱ्यांनाही तीच बंदी आहे. जुगाराच्या ढोबळ उत्पन्नावर 35 टक्के विशेष कर आहे, शिवाय संस्कृती, समाजकार्य, नगरविकास यांसाठी 5 टक्क्यांपर्यंत वेगळे द्यावे लागतात. त्या पैशातून पंधरा वर्षांचे शिक्षण मोफत आहे आणि 2008 पासून रहिवाशांना दरवर्षी रोख वाटा मिळतो. सध्या कायम रहिवाशाला 10,000 पताका (हे तिथले चलन), म्हणजे आपले लाखभर रुपये.

बाहेर पडले आणि जुन्या मताची निम्मी कारणे का शाबूत आहेत तेही दिसले. कॅसिनोच्या आसपास रात्रभर उघडी असणारी गहाणवटीची दुकाने आहेत. काचेमागे घड्याळांच्या ओळी, सोन्याच्या साखळ्या, लग्नाच्या अंगठ्या. त्यांतल्या प्रत्येक वस्तूमागे आत कुणाची तरी रात्र वाईट गेली आहे. बड्या खेळाडूंना कर्ज देऊन आणणाऱ्या दलालांच्या व्यवसायातला सर्वांत मोठा माणूस 2023 मध्ये अठरा वर्षांसाठी तुरुंगात गेला. आणि 2020 मध्ये साथ आली तेव्हा जुगाराचे उत्पन्न एका वर्षात जवळजवळ 80 टक्क्यांनी कोसळले. एकाच धंद्यावर उभ्या राहिलेल्या गावाचे काय होते ते सगळ्या जगाने पाहिले. गोव्याने मकाऊ व्हावे असे मला मुळीच वाटत नाही.

रात्री आम्ही पाण्यावरचा खेळ बघायला गेलो. 2010 मध्ये सुरू झालेला हा प्रयोग साथीत बंद पडला होता, 2025 च्या मे महिन्यात पुन्हा उभा राहिला. रंगमंचाखाली 1 कोटी 40 लाख लिटर पाण्याचा हौद आहे. आत्ता नट चालत होते त्या जमिनीवर क्षणात पाणी चढते आणि छताजवळून माणसे त्यात सूर मारतात. खाली पाणबुडे त्यांना हवा द्यायला थांबलेले असतात, प्रेक्षकाला ते दिसतही नाहीत. उंचावरून एका मुलीने सूर मारला तेव्हा ताईने माझा हात घट्ट धरला. मी आयुष्यभर नाटके पाहिली आहेत, दशावतारापासून संगीत नाटकापर्यंत, आणि पडद्यामागे किती घाम जातो ते जाणते. त्या मुलीच्या सुरामागे वर्षांची मेहनत होती. 'कॅसिनोची करमणूक' म्हणून तिला हिणवायला माझी जीभ आता रेटणार नाही. आणि हा खेळ पुन्हा उभा राहिला तो परवाना देताना सरकारने जुगारापलीकडचे काहीतरी मागितले त्यानंतर, हेही मी ध्यानात ठेवले आहे.

तर आता माझे म्हणणे काय? जुगार वाईट की बरा या वादात आम्ही पंचवीस वर्षे घालवली. त्या काळात जहाजांची मुदत वाढत गेली आणि पणजीच्या पदरात काय पडायचे याची अट एकाही मोर्चात मांडली गेली नाही. आम्ही 'सगळे किंवा काहीच नाही' असे म्हटले, म्हणून सरकारला 'काहीच नाही' देणे सोपे गेले. मी आता अटी मागते आणि त्या मोजता येतील अशा मागते.

मांडवी मोकळी करण्याची तारीख परवान्याच्या कागदातच लिहा. ती उलटली की परवाना आपोआप संपेल आणि मुदतवाढीचा अधिकार कुणाकडेच राहणार नाही. नदी सगळ्यांची आहे, या मुद्द्यावर मी पूर्वीइतकीच ठाम आहे. कॅसिनोंकडून सरकारला येणारी फी आणि कर कुठे खर्च झाला याचा हिशेब दरवर्षी विधानसभेत मांडा. त्यातला ठरलेला वाटा फोंताईन्हासच्या जुन्या घरांसाठी, त्यांच्या कौलांसाठी, शिंपल्याच्या खिडक्यांसाठी वेगळा काढा. प्रत्येक परवान्यामागे जुगाराबाहेरच्या करमणुकीची सक्ती करा, आणि त्यात कोकणी तियात्राला, दशावताराला, मराठी नाटकाला वर्षातल्या ठरावीक रात्री योग्य मानधनाने रंगमंच मिळू द्या. गोमंतकीयांना कॅसिनोत खेळायला 2020 पासून बंदी आहे, तिची अंमलबजावणी कशी झाली ते दरवर्षी जाहीर करा. आणि खेळाच्या नादाने ज्यांची घरे मोडली, ती कुठल्याही राज्यातली असोत, त्यांच्या उपचारासाठी या पैशातून केंद्र उभे करा.

माझ्या जुन्या सोबत्यांना हे तडजोडीचे वाटेल, याची मला कल्पना आहे. 'हटवा' म्हणताना मनाला मोठे समाधान मिळत होते, तेही मी सोडते आहे. पण त्या समाधानाने एकही कौल बदलले नाही आणि एकही जहाज हलले नाही. पुढच्या मोर्चात मी येणारच आहे. फक्त माझ्या हातातल्या फलकावर यापुढे अटी असतील, आणि त्यांतली एकेक परवान्यात उतरेपर्यंत मी तो खाली ठेवणार नाही.